आकाशातलं गंधक शोधायला खाली लॅबमध्ये नळी कशाला लागते? सेमिनार आहे, कुणीतरी समजावा

शहापूर_फिजिक्स:

नमस्कार. एमएस्सी फिजिक्स करूलालोय, बेळगावातच. पुढच्या शुक्रवारी सेमिनार आहे आणि मॅडमनी विषय दिलाय अंतराळातले गंधकाचे रेणू आणि लॅबमधली स्पेक्ट्रोस्कोपी. चार दिवस झाले वाचूलालोय, इंग्लिशमधनं वाचताना कळल्यासारखं वाटतंय आणि मिटलं की सगळं सपाट. वर्गात निम्मी पोरं कन्नड, निम्मी मराठी, बोलायचं इंग्लिशमध्ये, म्हणून म्हटलं आधी आपल्या भाषेत डोक्यात बसवावं मग पुढचं पुढं. एक बरंय, गंधकाला कन्नडमध्येही गंधकच म्हणतात, तेवढा एक शब्द तरी सगळ्यांचा.

जे कळलंय ते असं, रेणू गरगर फिरत असतो, फिरण्याच्या एनर्जीच्या ठराविक पायऱ्या असतात, वरच्या पायरीवरनं खाली उतरला की ठराविक फ्रिक्वेन्सीची रेडिओ लहर सोडतो आणि ती दुर्बिणीत लाइन म्हणून दिसते. इथपर्यंत ठीक. अडतंय ते पुढं.

दुर्बिणी एवढ्या भारी, कॉम्प्युटर एवढे भारी, मग कुठल्या रेणूची लाइन कुठं येणार ते गणितानं काढून थेट आकाशातच का बघत नाहीत? मधी ही लॅब, व्हॅक्यूम पंप, काचेची नळी कशाला? आणि दुसरं म्हणजे सगळीकडं लिहिलंय की ताऱ्यांच्या मधल्या वायू-धुळीच्या ढगांमधलं गंधक हरवलंय. हरवलं म्हणजे काय? होतं हे कशावरनं ठरवलं आणि नाही हे कशावरनं?

जाता जाता, आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर यातलं काही दिसतंय काय? दिसत असेल तर शेवटची स्लाइड तीच टाकतो, टाळ्या पडतील.

खानापूर_सोडून_बारा_वर्षं:

जीएमआरटीचं आधी मिटवते. नाही दिसत. ४५ मीटरच्या ३० अँटेना आहेत खऱ्या, पण त्या चालतात साधारण दीड गिगाहर्ट्झच्या खाली, आणि गंधकवाल्या रेणूंच्या कामाच्या बहुतेक लाइन्स वीसेक गिगाहर्ट्झपासून वर शेकड्यांत. ती स्लाइड टाकू नकोस, कुणी खोदून विचारलं तर पंचाईत.

आता नळी. मी असल्याच एका लॅबमध्ये पीएचडी केलीय, बाहेरदेशी, त्यामुळं हात लावून सांगते. माणसापेक्षा लांब काचेची नळी आडवी ठेवलेली, एका टोकाला मिलिमीटर लहरी सोडणारा सोर्स, दुसऱ्या टोकाला डिटेक्टर, खाली पंप दिवसभर घरघरतोय. आतला दाब बाहेरच्या हवेच्या लाखाव्या भागाएवढा, कारण दाब वाढला की रेणू एकमेकांवर आपटून लाइन फुगते आणि तिचा मध्य कुठं ते नीट सांगता येत नाही. नवीन पोरगं आलं की त्याला पहिल्यांदा सीएस शोधायला लावायचे, म्हणजे एक कार्बन एक गंधक. हा बाटलीत मिळत नाही, जागच्या जागी बनवायला लागतो. कार्बन डायसल्फाइडची वाफ थोडी थोडी आत सोडायची आणि नळीत हाय व्होल्टेजचा डिस्चार्ज लावायचा, रेणू फुटतो आणि सीएस तयार होतो. दोन दिवसांत काचेला आतनं तपकिरी काळा थर बसतो, तो घासून काढायचं काम पण नवीन पोराचंच. वासाबद्दल काय बोलू, आमच्या जिन्यातनं लोक नाक धरून जायचे.

माझी पहिली लाइन अजून डोळ्यासमोर आहे. फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकवत न्यायची, स्क्रीनवर नुसती गवतासारखी खरखर, आणि १४६.९६९ गिगाहर्ट्झला मधे एक सुळका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे, आमच्या डिटेक्शनच्या पद्धतीमुळं लाइन तशी दिसते. लगेच खूश व्हायचं नसतं. आधी डिस्चार्ज बंद करायचा, लाइन गेली. चालू केला, परत आली. असं पाच-सहा वेळा केलं तेव्हा गाइड बोलले की आता जेवायला जा.

हीच लाइन १९७१ मध्ये पेन्झियास, विल्सन आणि त्यांच्या सोबत्यांना आकाशात सापडली, अंतराळात सापडलेला गंधकाचा पहिला रेणू तोच. विश्वभर पसरलेल्या पार्श्वभूमीच्या मायक्रोवेव्हसाठी नोबेल मिळालं तेच हे दोघं.

आता तुझा गणिताचा प्रश्न. सीएसची पहिली लाइन ४८.९९१ गिगाहर्ट्झला आहे. पुस्तकातल्या सरळ सूत्रानं तिसरी बरोबर तिप्पट यायला पाहिजे, म्हणजे १४६.९७३. प्रत्यक्षात १४६.९६९. चार मेगाहर्ट्झनं खाली, कारण रेणू जोरात फिरला की त्याचा बंध जरा ताणला जातो, पाळणा जोरात फिरला की दोर बाहेर ओढला जातो तसं. तू म्हणशील चार मेगाहर्ट्झनं काय होतंय? गार ढगात तिथली लाइनच जेमतेम पाव मेगाहर्ट्झ रुंद असते. म्हणजे तू लाइनच्या सोळापट लांब जाऊन बघत बसलास. आणि हे दोन अणूंच्या साध्या रेणूचं झालं. मोठ्या रेणूला नुसतं कॉम्प्युटरनं गणित केलं तर चांगलं गणितसुद्धा हजारात एक चुकतं, १४७ गिगाहर्ट्झवर ते १४७ मेगाहर्ट्झ झाले. ओरायनच्या, म्हणजे मृगातल्या ढगाचा एवढा पट्टा उघडून बघ, त्यात किती लाइन्स उभ्या असतात, त्यातली तुझी कुठली? गणित आम्हीही करतोच, पण कुठनं शोधायला सुरुवात करायची तेवढ्यापुरतं. पक्का आकडा नळीतनंच येतो, तो मग कोलोन विद्यापीठाच्या किंवा नासाच्या जेपीएलच्या लाइन्सच्या कॅटलॉगमध्ये जातो आणि दुर्बीणवाले तो उघडून बसतात.

हरवलेल्या गंधकाचं रात्री लिहिते, आता पोरीला शाळेतनं आणायचंय.

गाळप_हंगाम:

पोरांनो मी साखर कारखान्यात केमिस्ट, चिकोडी भागात, २६ हंगाम झाले. फिजिक्समधलं आम्हाला काय कळत नाही पण गंधक म्हटल्यावर थांबलो. आमच्याकडं पोत्यानं येतंय, पिवळंजर्द, ते बर्नरमध्ये वितळवून जाळायचं आणि जो वायू निघतो तो उसाच्या रसात सोडायचा चुन्याबरोबर, म्हणजे साखर पांढरी होते. बर्नरला हवा नीट नसली की गंधकाची वाफ न जळताच पुढं जाती आणि पाइपात गार होऊन घट्ट बसती, मग हंगामाच्या मधी गाडी बंद करून पाइप ठोकत बसायचं, ते दुखणं ज्याचं त्याला माहीत. आणि कुठं गळती असली तर तो वायू घशाला असा धरतो की दोन दिवस आवाज बसतो. अथणीकडं आमचे पाहुणे द्राक्षवाले, ते भुरीवर हेच धुरळतात.

तर विचारायचं एवढंच, आमच्या बर्नरचा वायू वर आहे काय? आणि आमच्या पोत्यातलं हे पिवळं, हे वर आहे काय? हसू नका.

कृत्तिका_बघणारा:

काका तुमच्या बर्नरचा वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड ना, तो आहे की, १९७५ पासून माहिती आहे. ओरायनमध्ये तर त्याच्या इतक्या लाइन्स येतात की बाकीचं दिसायचं मुश्किल, शेतात तण माजल्यागत, आणि गंमत म्हणजे दुर्बीणवाले पण असल्या रेणूंना तणच म्हणतात.

मी हौशी माणूस, डिसेंबरात जांबोटीच्या वरच्या अंगाला जाऊन बायनाक्युलर लावून बसणारा. शहापूरच्या भावा, तुला सोपं करून सांगतो. कोगनोळी टोलनाक्यावर उभा राहा. गाडी आली, नंबर वाचलास, केए २२ म्हणजे बेळगाव, केए २३ चिकोडी, एमएच ०९ कोल्हापूर. पण तुला हे कळतंय ते नंबर कुणाचा ते आरटीओच्या रजिस्टरात आधीच लिहून ठेवलंय म्हणून. दुर्बीण म्हणजे टोलनाका, लॅब म्हणजे आरटीओ. नाक्यावर कितीही भारी कॅमेरा लावलास आणि रजिस्टरच कोरं असलं तर नुसते आकडे वाचत बसायचे.

पण ताई, एक मान्य नाही. तुम्ही असं लिहिलंत की जणू लॅब नेहमी पुढं आणि आकाश मागं. एचसीएस प्लस बघा, म्हणजे हायड्रोजन, कार्बन, गंधक आणि वर प्लस विद्युतभार. १९८१ ला थॅडियस वगैरे मंडळींना आधी आकाशातच लाइन्स दिसल्या, ८५.३४८, १२८.०२१, २१३.३६१, सगळ्या ४२.६७४ च्या पटीत, दुप्पट, तिप्पट, पाचपट. तेवढ्यावरनंच त्यांनी ओळखलं की सरळ काडीसारखा रेणू आहे आणि वजन एवढं एवढं, म्हणजे हाच असणार. तो पृथ्वीवर कुणी बघितलेलाच नव्हता. लॅब नंतर आली.

खानापूर_सोडून_बारा_वर्षं:

आलेच. कृत्तिकाभाऊ, उदाहरण अगदी बरोबर, पण ते पुरतं सांगा की. लॅबमध्ये तो त्याच वर्षी बनवून मोजला आणि आकडे जुळले तेव्हा सगळे गप्प झाले. आणि तिथं नशीब असं की लाइन्स पटीत आल्या. आता उलटं उदाहरण ऐका. जपानमध्ये नोबेयामाची ४५ मीटरची दुर्बीण आहे, ती वृषभेतल्या टीएमसी-१ नावाच्या ढगावर लावलेली. रोहिणी दिसते ना तुम्हाला, तिच्या उत्तरेला, डोळ्याला तिथं काहीच दिसत नाही, ४५० एक प्रकाशवर्षं लांब, तापमान शून्याखाली २६३ अंश. तिथं ४५.३७९ गिगाहर्ट्झला एक दणदणीत लाइन. कुणाची ते कुणालाच माहीत नाही. तिला नावच नव्हतं, नुसतं यू ४५३७९ म्हणायचे, यू म्हणजे अनोळखी. चांगली ठसठशीत लाइन आणि बापाचं नाव नाही. पटीतबिटीत काही बसेना, कारण या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकटे सुटे असतात, त्यामुळं प्रत्येक लाइनच्या तीन लाइन्स होतात, त्याही वेड्यावाकड्या अंतरावर. शेवटी १९८७ ला साइतो आणि त्यांच्या लोकांनी लॅबमध्ये डिस्चार्ज लावून रेणू बनवला, मोजला आणि निघाला सीसीएस, दोन कार्बन एक गंधक. आता तो अशा गार ढगांचा नेहमीचा पाहुणा आहे. टोलनाक्यावर उभं राहून हे जन्मात कळलं नसतं.

आणि घाईचं पण ऐका. ग्लायसिन हे अमिनो आम्ल अंतराळात सापडलं असा २००३ ला दावा झाला, गंधकाचा नाही तो, पण धडा तोच. २००५ ला दुसऱ्यांनी त्याच लाइन्स एकेक तपासल्या आणि नाही म्हणून सांगितलं, कारण ज्या यायलाच पाहिजेत अशा काही महत्त्वाच्या लाइन्स आल्याच नव्हत्या. एकदोन लाइन्स कुणाशीही जुळतात. जेवढ्या यायला पाहिजेत तेवढ्या सगळ्या, बरोबर उंचीच्या, आणि सगळ्या एकाच वेगानं सरकलेल्या हव्यात, कारण ढग आपल्या मानानं हलत असतो आणि त्यामुळं त्याच्या लाइन्स जागेवरनं जरा सरकतात. टीएमसी-१ मधला कुठलाही रेणू घ्या, वेग सेकंदाला ५.८ किलोमीटरच्या आसपासच येतो. गंधकाला अजून एक सोय आहे, शंभरातले चारेक गंधक अणू जड असतात, ३४ वाले, त्यांच्यामुळं लाइनच्या खालच्या अंगाला तिचीच बारकी बहीण दिसते. सीएसची ९७.९८१ ला असली तर जडवाल्याची ९६.४१३ ला. ही बहीण भेटली की जीव भांड्यात पडतो.

आता हरवलेलं गंधक. विरळ ढगात, जिथनं ताऱ्याचा उजेड आरपार येतो, तिथं गंधक मोजता येतं आणि ते हिशोबाप्रमाणं असतं, लाख हायड्रोजनमागे साधारण १.३ अणू. सूर्यातही तेवढंच. पण तोच ढग दाट होऊन गार झाला आणि आपण सगळे ओळखीचे रेणू, सीएस, एसओ, हायड्रोजन सल्फाइड, ओसीएस, सीसीएस, सगळ्यांची बेरीज केली तर गार दाट ढगांत एक टक्काही भरत नाही. काका तुमच्या भाषेत, वजनकाट्यावर ऊस १०० टन आणि पुढं साखर, मळी, चोथा सगळं मिळून एक टनाचाच हिशोब लागतोय. कारखान्यात असं झालं तर काय होईल?

गाळप_हंगाम:

आधी मला घरी पाठवतील मग काटा तपासतील

खानापूर_सोडून_बारा_वर्षं:

हाहा. आमच्यात पण काटाच तपासताहेत. म्हणजे असं, जे रेणू रजिस्टरात नाहीत ते बेरजेत येणार कुठनं? म्हणून गेल्या काही वर्षांत लॅब आणि दुर्बीण दोन्हीकडं जोर लागलाय. स्पेनच्या येबेसमधल्या ४० मीटरच्या दुर्बिणीनं त्याच टीएमसी-१ मध्ये २०२१ ला एकदम गंधकाचे बरेच नवे रेणू दिले, एनसीएस, एचसीसीएस, सीफोरएस, असे. आणि शहापूर, तुझ्या सेमिनारला टाळ्या हव्यात ना? घरी गॅस लीक झाला की वास येतो तो गॅसचा नसतो, कळावं म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन घालतात. इथेनथायोल म्हणजे तेच. २०१४ ला लॅबमध्ये त्याच्या लाइन्स मोजून ओरायनमध्ये असावं असं मांडलं आणि २०२१ ला आकाशगंगेच्या मध्याजवळच्या जी+०.६९३ नावाच्या ढगात पक्कं झालं. त्याच ढगात आता १३ अणूंचा, सहा कार्बनची कडी असलेला गंधकाचा रेणू सापडलाय, आणि तो सुद्धा आधी लॅबमध्ये थायोफिनॉलला हाय व्होल्टेजचा झटका देऊन बनवला, मोजला, मग जुन्याच निरीक्षणांत शोधला. डिस्चार्ज तोच रे, मी काच घासायचे तसलाच.

पण खरं सांगू, मला नाही वाटत की असे एकेक रेणू जोडत गेल्यानं बेरीज भरेल. हे सगळे चिल्लर आहेत. मोठी नोट दुसरीकडं आहे, बहुतेक धूलिकणांवरच्या बर्फात, आणि इथं काकांचा दुसरा प्रश्न येतो. मी मुद्दाम शेवटाला ठेवला होता. काका, तुमच्या पोत्यातलं पिवळं गंधक म्हणजे आठ अणूंची मुकुटासारखी कडी, एस-आठ. रेणूनं फिरता फिरता रेडिओ लहर सोडायची तर त्याच्या एका अंगाला थोडा प्लस आणि दुसऱ्याला थोडा मायनस लागतो. तुमचा सल्फर डायऑक्साइड वाकडा आहे, त्याला तो आहे, म्हणून तो तणासारखा दिसतो. एस-आठ सगळीकडनं सारखा. कितीही गरगर फिरू दे, रेडिओत गप्प. म्हणजे वर तो पोत्यानं भरलेला असला तरी आमच्या दुर्बिणी त्याच्या समोर आंधळ्या.

शहापूर_फिजिक्स:

ताई एक मिनिट. मग इथं लॅबचा पण उपयोग नाही म्हणा की? लाइनच नाही तर मोजणार काय?

खानापूर_सोडून_बारा_वर्षं:

या नळीचा नाही, दुसऱ्या लॅबचा आहे. हायड्रोजन सल्फाइडचा बर्फ सोन्याच्या नाहीतर तसल्या कुठल्या गार पट्टीवर जमवतात, १० केल्विनच्या आसपास, आणि त्यावर अल्ट्राव्हायोलेट किंवा एक्स-रे सोडतात. बर्फातले रेणू फुटतात, गंधकाचे अणू एकमेकांना धरत साखळ्या करतात आणि शेवटी त्यात एस-आठ पण मिळतो. पट्टी गरम केली तरी तो उडून जात नाही, मागं राहतो. आपल्याकडं अहमदाबादच्या पीआरएलमध्ये, म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत, असल्या बर्फावरचं काम चालतं, स्लाइड टाकायची तर ती टाक. आकाशात बर्फ बघायचा तर इन्फ्रारेडमध्ये, तिथं ओसीएसची खूण ४.९ मायक्रॉनला मिळते, जेम्स वेब दुर्बिणीनं पण बघितली. हायड्रोजन सल्फाइडचा बर्फ मात्र अजून पक्का हाताला लागलेला नाही, त्याची खूण ३.९ च्या आसपास आणि तिथंच मिथेनॉल बसलेलं असतं. आणि ६७पी धूमकेतूजवळ रोझेटा यान गेलं होतं, तिथं दुर्बीण नव्हे तर थेट वायू हुंगून तपासला, तेव्हा हायड्रोजन सल्फाइड भरपूर, शिवाय एस-दोन, एस-तीन, एस-चार. म्हणजे साखळी व्हायला सुरुवात झालेली दिसतेय.

कृत्तिका_बघणारा:

म्हणजे टोलनाक्यावरनं नंबर प्लेट नसलेली गाडी गेल्यागत झालं. माझं उदाहरण एवढं टिकेल असं वाटलं नव्हतं. ताई एचसीएस प्लसचं मात्र मी मागं घेत नाही, आकाशात आधी ते आधीच.

खानापूर_सोडून_बारा_वर्षं:

घेऊ नका. शहापूर, ते पण घाल, नुसता लॅबचा उदोउदो केलास तर तुझ्या मॅडम धरतील. आणि ४८.९९१ गुणिले ३ हे फळ्यावर स्वतः करून दाखव, स्लाइडवर नको. पोरं तेवढंच लक्षात ठेवतात.

शहापूर_फिजिक्स:

लई उपकार झाले सगळ्यांचे. सुरुवात गॅस सिलिंडरनं करतो, मग सीएसचा गुणाकार, मग यू ४५३७९, शेवटाला एस-आठ. काका, तुमच्याकडनं गंधकाचा एक खडा मिळेल काय? वर्गात फिरवतो, हा तुम्हाला हातात दिसतोय पण दुर्बिणीला दिसत नाही म्हणून.

गाळप_हंगाम:

एक काय चार घे. निपाणीकडं येणं झालं की कळव, नाहीतर भाचा रोज बेळगावला येतोय त्याच्याकडं देतो.

शहापूर_फिजिक्स:

बसमध्ये वास सुटणार नाही ना?

गाळप_हंगाम:

नुसत्या खड्याला वास कुठला, जाळल्यावर येतो. कागदात गुंडाळून डब्यात घालून देतो, फक्त हात धुऊन जेव.